रास चालू होती

"तीनशे शब्द, आत्या. जास्त नको. ग्रॅनाइटवर कोरायचंय," असं म्हणून माझा भाचा प्रफुल्ल यानं माझ्यापुढे पेढ्यांचा पुडा ठेवला.

निंबोळ्याचा इतिहास तीनशे शब्दांत! मी छत्तीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला. तीनशे शब्दांत मला गावच्या ओढ्याचं एक वळणसुद्धा धड सांगता यायचं नाही. पण पेढे घेतले आणि 'बघते' म्हणाले. बाईमाणसानं पेढे घेऊन 'बघते' म्हटलं की ते 'हो' धरलं जातं, एवढं या वयात मला कळायला हवं होतं.

निंबोळे म्हणजे नाशिकरोड सोडलं की मनमाडच्या अंगाला लागतं ते स्टेशन. लागतं म्हणायचं ते सवयीनं. आता तिथं गाडी थांबत नाही, फलाटावर बाभळी आहेत. स्टेशन मिळालं ते काही गावाच्या थोरवीमुळे नव्हे. कोळशाच्या इंजिनाला पाणी लागायचं आणि आमच्या विहिरीचं पाणी गोडं होतं, एवढीच गोष्ट. इंजिन पाणी पिईतो गाडी उभी. गाडी उभी म्हणून माणसं. माणसं म्हणून चहावाला, मग आडत्या, मग मालधक्का. बाजरी, गहू, गूळ, कांदा, सगळं तिथून चढायचं. सकाळच्या पॅसेंजरनं भाजीच्या पाट्या नाशकाला जायच्या आणि त्यांच्यासोबत मीही. मेथीच्या जुड्यांवर बसून मी बी.ए. झाले.

मग डिझेलचं इंजिन आलं, मग विजेचं. ज्याला तहान नाही तो कशाला थांबेल? आधी मेल थांबेना, मग एक्सप्रेस, मग मालधक्क्याचे रूळ उचलले, शेवटी पॅसेंजरही गेली. शहर मात्र रेल्वेनं आलं नाही. ते रस्त्यानं आलं, जेसीबीवर बसून. द्राक्षांचे मांडव उतरले, मळ्यांचे प्लॉट झाले, प्लॉटांचे टॉवर झाले. मालधक्क्यासमोरच्या टॉवरचं नाव 'स्टेशन व्हिस्टा'. जिथं गाडी थांबत नाही ते स्टेशन बाराव्या मजल्यावरून फार छान दिसतं, म्हणे. गावाला आता 'जुनं गावठाण' म्हणतात. नाव घेताना नाक जरा वर जातं.

आणि आता या लोकांना इतिहास हवा आहे. मळे होते तेव्हा नको होते. बुलडोझर फिरवून झाला, की भिंतीवर बैलगाडी काढायची.

हा इतिहास कोरायचा होता खळ्याच्या जागेवर. मालधक्क्याला लागून दीड एकराचं गावखळं होतं. सगळ्या गावाची मळणी तिथं व्हायची, कारण तिथून पोतं थेट मालगाडीच्या वाघिणीत जायचं. ते खळं कुणाच्याही सातबाऱ्यावर नव्हतं. खळ्यावर नाव चढवायचं नाही, असा आमच्याकडचा नेम. असे बरेच नेम होते. खळ्यात चप्पल घालायची नाही. कुणाला नावानं हाक मारायची नाही. आणि धान्याची रास मोजायला घेतली, की शेवटची पायली पडेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मोजणारा पुटपुटणार तेवढाच, तोही पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणणार. रासेवर बोललं की बरकत जाते. मोडण्यातला नेम नव्हता तो. माझे आप्पा, म्हणजे वडील, एकदा पायाला विंचू चावला तरी रास संपेपर्यंत तोंडातून ब्र काढला नव्हता. त्याचं गावात कौतुक झालं. मला तेव्हाही ते येडेपण वाटलं होतं.

त्या दीड एकरावर आता 'निंबोळे हेरिटेज पार्क' होणार होतं. प्रफुल्ल समितीचा सचिव. अध्यक्ष योगिनी मॅडम, व्हिस्टाच्या बाराव्या मजल्यावरच्या. बाई मनानं वाईट नाही, उत्साही आहे, आणि अशा माणसांपासूनच मला जास्त धास्ती वाटते. फायबरची बैलजोडी, फायबरची मोट, सूप घेऊन उभी असलेली फायबरची बाई, आणि एक लांबलचक काळी भिंत. भिंतीवर माझे तीनशे शब्द आणि त्याखाली 'खळ्याची जागा गावाला अर्पण करणारी अकरा घराणी'. त्यात आमचंही.

"अर्पण कधी केली रे आपण?" मी विचारलं.

"म्हणजे... परंपरेनं, आत्या."

जी वस्तू आपली नव्हती ती परंपरेनं दान करायची आणि तिच्यावर आपलं नाव कोरून घ्यायचं. वा रे घराणी!

माहिती ताजी करावी म्हणून मी खळ्यावर गेले. म्हणजे खरं तर चंद्रभागेकडे गेले. निंबोळ्याचा इतिहास कुणाला ठाऊक असेल तर तिला. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

चंद्रभागा जयराम गांगुर्डे. सोळाव्या वर्षी विंचूरकडून लग्न होऊन आली. नवरा मालधक्क्यावर हमाल. अंगानं पहाड, अक्कल बेताची. लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा मनमाडला जास्त काम मिळतं म्हणून गेला आणि तिकडेच दुसरं बिऱ्हाड करून बसला. गावानं तिला सहानुभूती दाखवली, म्हणजे चार दिवस तिच्या दारात बसून चहा प्यायला. पाचव्या दिवशी दीर म्हणाला, घरात जागा नाही. तेव्हा ही आपलं बोचकं घेऊन खळ्याच्या कोपऱ्यावर आली, चार मेढी रोवल्या, कूड घातला आणि गावाला म्हणाली, "खळं मी राखते."

राखते म्हणजे काय, ते सांगते, कारण भिंतीवर ते येणार नाही. कार्तिक लागला की दीड एकर जमीन खुरपायची, पाणी मारायचं, चोपणीनं ठोकायची, शेणानं सारवायची. इतकी, की सांडलेला मोहरीचा दाणा दिसावा. मळणीच्या दिवसांत बैलांच्या मागे शेण झेलत फिरायचं. वाऱ्याला उभं राहून उपणायचं. रात झाली की गुरं हाकलायची. याचं तिला मिळायचं प्रत्येक रासेमागे सूपभर धान्य. अठ्ठेचाळीस घरं, अठ्ठेचाळीस सुपं. त्यात ती वर्ष काढायची. मळणीयंत्रं आली, सुपं बंद झाली, तरी ती खळं सारवतच राहिली. लोक तिथं पापड वाळवायचे, लग्नाचा मांडव घालायचे, मग गाड्या लावायला लागले. ही गाडीखालचं तेल पुसून काढायची. लोकांना वाटायचं, म्हातारी वेडी आहे.

मी गेले तेव्हा ती दारात बसली होती आणि समोर ती फायबरची बाई उभी होती. अजून रंग ओला. नऊवारी, नाकात नथ, दंडात वाक्या, कमरेत मुरका आणि हातात सूप.

"ये संध्याताई, बस," चंद्रभागा म्हणाली. "ही बघ, मी हाय म्हणं."

"तू?"

"त्या मॅडमनं फोटो काढला ना माझा. सूप बी नेलं व्हतं माझं, नमुना म्हणून. अजून दिलं नाय." ती पुतळ्याकडे बघत राहिली. "नथ घालून कुणी उपणतं का गं? आन् वारं येतं वढ्याकडनं, ही तोंड करून उभी वढ्याकडंच. सगळं भूस डोळ्यात जाईल भवानीच्या."

मी हसले. ती नाही हसली. कनवटीचा एक कागद काढून माझ्यापुढे धरला. "हे वाच. दोन पोरं येऊन देऊन गेली. आंगठा घेतला माझा."

नोटीस होती. उद्यानासाठी राखीव जागेवरील अतिक्रमण. पंधरा दिवसांत जागा मोकळी करावी. काही म्हणणं असल्यास सुनावणीला हजर राहून, शहराची हद्द वाढण्याच्या आधीपासून, म्हणजे ब्याऐंशी सालाच्या आधीपासून तिथं राहत असल्याचा पुरावा द्यावा. खाली नकाशाची नक्कल. सगळं गावठाण घराघरांनिशी काढलेलं, आणि खळ्यावर नुसतं लिहिलेलं: मोकळी जागा. वस्ती नाही.

खळं राखणाऱ्या बाईचा पुतळा उभा करायचा म्हणून खळं राखणाऱ्या बाईला उठवायचं होतं. मी कागदाची घडी घातली आणि विचारलं,

"रेशनकार्ड कुठंय?"

"हाय की. पर त्याच्यावर दिराचं घर. खळ्याला नंबरच नाय, तर पत्ता कुठला लिवणार?"

मतदानाचं कार्ड तेच. विजेचं मीटर पंच्याण्णवचं. पगार सुपानं मिळालेला, त्याची पावती कोण देणार? तिच्या पन्नास वर्षांचा एकही कागद नव्हता. उरलं काय, तर माणसं. त्या काळी गावात असलेल्या दोघांनी सुनावणीत सांगायचं, की हो, ही इथं राहत होती. एवढंच.

"एक मी," मी म्हटलं. "दुसरं कोण?"

चंद्रभागा म्हणाली, "आठ्ठेचाळीस घरांचं खळं केलंय मी. एक नाय मिळणार?"

नाही मिळालं. मी चार दिवस उन्हात फिरले. एकाला ऐकू येईना. मी गेल्यावर नातवाला हाक मारताना छान ऐकू येत होतं. एक म्हणाला, आमच्या मुलाला विचारून सांगतो. वय वर्षं एक्क्याऐंशी! एका बाईंनी मला सरबत दिलं, चंद्रभागेचे गुण गायले, तिच्या हातची मळणी म्हणजे काय, डोळ्यांत पाणी आणलं, आणि सही म्हटल्यावर म्हणाल्या, "आमचं नाव भिंतीवर येतंय ना, मग आम्ही कसं..." सरळ होतं. चंद्रभागेचं घर खरं ठरलं की प्रकरण कोर्टात लोंबकळणार, पाडव्याचं उद्घाटन बारगळणार, आणि अकरा घराण्यांची नावं दगडाशिवाय राहणार. दगडावरच्या नावासाठी ही माणसं जिवंत बाई गिळायला तयार होती. कुणी कुणाला धमकावलं नव्हतं, कुणी लाच दिली नव्हती. तसं असतं तर मला निदान समजलं असतं.

प्रफुल्लला मी फोनवर झाडला.

"आत्या, तिला आपण वाऱ्यावर सोडणार नाही. वृद्धाश्रमात सोय बघितलीय. छान आहे, टीव्ही आहे."

"तुझ्या आईची कर तिथं सोय."

"आत्या, तू पर्सनल होतेस."

मग मी त्याच्या आईकडेच गेले. लताबाई, माझी वहिनी. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती आणि मी सणावारापुरत्या. ती माजघरातली, मी कॉलेजातली, आमचं कधी जमलं नाही आणि जमवावं असंही दोघींना वाटलं नाही. तिला मी स्पष्टच विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्हीही खळ्यावर होतात. सांगाल का?"

'त्या दिवशी' म्हणजे कोणत्या, हे तिला विचारावं लागलं नाही.

एक्क्याऐंशीचा डिसेंबर. शहराची हद्द वाढणार होती म्हणून गावाची मोजणी चालली होती. मला कॉलेजला सुट्टी होती, घरी आले होते. आमची बाजरीची रास पडलेली. आप्पा रासेशी उकिडवे, हातात पायली. माझा भाऊ पोतं धरून. चंद्रभागा हातात केरसुणी घेऊन उधळलेले दाणे रासेत लोटत होती. भोवती दहा-बारा माणसं. आणि आप्पा पुटपुटले, "लाभ."

तेवढ्यात मोजणीचा कारकून आला. बगलेत नकाशाची गुंडाळी, पायात बूट. खळ्यात बूट घालून शिरला, तरी कुणी काही बोललं नाही, कारण बोलायचं नव्हतं. त्यानं विचारलं, "हे कोपऱ्यातलं घर कुणाचं?"

गप्प.

"अहो, घर कुणाचं? राहतं का कुणी?"

आप्पांनी माप टाकलं. भावानं खाली बघितलं. चंद्रभागेनं केरसुणी थांबवली, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा लोटायला लागली. तिचंच घर, तिनं सांगायचं होतं. पण रास आमची होती. तिच्या बोलण्यानं आमची बरकत गेली असती.

कारकून बिचारा घाम पुसत उभा राहिला. आधी हसला, मग चिडला. "सगळं गाव मुकं आहे का?" मी दहा हातांवर उभी होते. सत्तावीस वर्षांची, एम.ए. झालेली, दोन वर्षांची नोकरी असलेली. बरकतीवर माझा काडीइतका विश्वास नव्हता. मी नुसतं म्हणायचं होतं, 'गांगुर्डेबाईंचं घर आहे, लिहा.' चार शब्द. तोंड उघडलंही होतं. आप्पांनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी तोंड मिटलं.

लांब सिग्नल पडला. दुपारच्या पॅसेंजरनं त्याला परत जायचं होतं, ती चुकली तर संध्याकाळपर्यंत गाडी नव्हती. त्यानं मांडीवर नकाशा ठेवून दोन ओळी खरडल्या आणि फलाटाकडे पळाला. रास संपली तेव्हा गाडी ओढ्याच्या पुलावर पोचली होती. आप्पा म्हणाले, "परत येईल. सरकारी माणूस आहे, दहादा येतो." तो आला नाही. कुणी त्याला शोधायलाही गेलं नाही. सोळा पोती बाजरी झाली, सगळे खूश होते.

ते दोन ओळींचं खरडणं म्हणजे 'मोकळी जागा. वस्ती नाही.'

लताबाईंनी माझं बोलणं ऐकून घेतलं आणि मेथी निवडत म्हणाल्या, "मला काय विचारता? तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तेव्हा वाचा बसली होती का तुमची?"

"बसली होती."

"आणि आता फुटली, भाच्याच्या कामात खोडा घालायला." जुडीचा दोरा तिनं दातानं तोडला. "माझा पोरगा दोन वर्षं राबतोय त्या बागेसाठी. त्याच्या बापाचं नाव लागतंय. मला सांगितलंय त्यानं, आई, विचारलं तर तिथं काही नव्हतं म्हण. मी तेच म्हणणार."

"खोटं?"

"पोरासाठी. तुम्हाला नाही कळायचं ते."

मला पोरंबाळं नाहीत. ते वाक्य ती चाळीस वर्षं जपून ठेवत आली आहे, असं वाटलं. मी पर्स उचलली आणि निघाले.

सुनावणी एका लहानशा खोलीत. अधिकारी तरुण, चष्मा लावलेला, समोर फायलींचा ढीग. एका बाजूला प्रफुल्ल, योगिनी मॅडम आणि लताबाई. गाडीतून आले होते. दुसऱ्या बाजूला मी आणि चंद्रभागा, रिक्षातून. चंद्रभागेनं दाराबाहेर चपला काढल्या. शिपाई म्हणाला, "आजी, राहू द्या चपला." ती म्हणाली, "आसू दे, बाबा."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, रास, कारकून, बूट, पॅसेंजर. अधिकारी ऐकत होता. मधेच पेन खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, एक मिनिट. तुम्ही स्वतः तिथं होतात. प्राध्यापिका होतात. मग तुम्ही सांगितलं का नाही?"



"रास चालू होती," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. बापाला घाबरले."

योगिनी मॅडम मोबाइलकडे बघू लागल्या. अधिकाऱ्यानं माझं म्हणणं लिहून घेतलं आणि म्हणाला, "पण एकच साक्ष आहे. नकाशा सरळ उलटं सांगतोय. दुसरं कुणी?"

"समितीतर्फे माझ्या आई आहेत," प्रफुल्ल पुढे झाला. "जुन्या रहिवासी. त्याही त्या दिवशी तिथं होत्या."

लताबाई खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. अधिकाऱ्यानं नकाशा त्यांच्याकडे फिरवला. "आजी, हे स्टेशन. हा मालधक्का. हे खळं. या इथं, कोपऱ्यात, घर होतं का?" त्यानं कोपऱ्यावर, मालधक्क्याच्या बाजूला, बोट ठेवलं.

लताबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या.

"आई," प्रफुल्ल म्हणाला.

"आजी, होतं का नव्हतं?"

गप्प. पुन्हा तेच, म्हटलं. पुन्हा सगळे मुके, आणि हा आता दोन ओळी खरडणार. पण याला काही गाडी पकडायची नव्हती. त्यानं पेन टेबलावर ठेवलं आणि वाट पाहिली. त्याच्या त्या वाट पाहण्यासाठी मी त्याला शंभरपैकी नव्वद मार्क देईन.

"चूल या भिंतीला नव्हती," लताबाई अखेर म्हणाल्या. "त्या भिंतीला होती. वढ्याच्या अंगाला."

"काय?"

"चूल, चूल. हिची. मी भाकरी घेऊन गेले होते मळणीवर. सहावा महिना होता मला, ऊन सोसेना. हिनं मला आत घेतलं, गोधडी टाकली. मी तिथंच आडवी झाले. तुमचा माणूस आला तेव्हा मी घरातच होते. त्याचे बूट दिसले मला कुडाच्या फटीतनं." मग तिनं हात वर करून प्रफुल्लकडे दाखवलं. "आणि हा पोटात. म्हणजे हाही होता त्या घरात, साहेब. त्यालाच विचारा, घर होतं की नव्हतं."

शिपाई हसला. मग अधिकारी हसला, आणि मग हसू लपवायला फाइल उघडली. प्रफुल्लच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. खोटं कशाला बोला, चांगलं निरखून बघितलं. वांग्यासारखं झालं होतं.

चंद्रभागा मात्र लताबाईंना म्हणाली, "गोधडी हाय आजून. निळ्या काठाची."

बाहेर आल्यावर मी वहिनीला विचारलं, "खोटं बोलणार होतात ना?"

"त्यासाठीच आले होते," ती फणकारली. "त्यानं भलत्याच भिंतीवर बोट ठेवलं. नका बोलू माझ्याशी." आणि मुलाच्या गाडीत न बसता उभी राहिली. शेवटी एका रिक्षात आम्ही तिघी दाटून बसून आलो.

निकाल महिन्यानं आला. चंद्रभागा हयात असेपर्यंत घर राहील. त्यानंतर जागा बागेत जाईल. यालाच न्याय म्हणतात. आमच्या लोकांनी लगेच हिशेब केला असणार की बाई त्र्याहत्तरची आहे. बाग तिच्या घराला वळसा घालून झाली. पाडव्याला उद्घाटन झालं, मला निमंत्रण होतं, मी गेले नाही. तीनशे शब्द मी दिले नव्हते, ते त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतले.

आठ दिवसांनी गेले. हिरवळ टाकली आहे, तिच्यावर 'चालू नये'. दीड एकर सारवलेल्या जमिनीवर विकत आणलेलं गवत! मुलं फायबरच्या बैलाच्या शिंगाला लोंबकळत होती, आणि एक जोडपं चंद्रभागेच्या दारात उभं राहून, तिला न विचारता, तिच्यासकट फोटो काढत होतं. ती गवताच्या कडेनं उरलेली हातभर पट्टी झाडत होती. फायबरच्या बाईच्या तोंडाला फडकं बांधलेलं, डोळ्यांखालून घट्ट, उपणताना बांधतात तसं.

"हे कुणी केलं?"

"मी. भूस जातं तिच्या तोंडात. ती पोरं सोडत्यात, मी बांधते." मग केरसुणीनं भिंतीकडे दाखवलं. "वाच बरं काय लिवलंय. मला कुणी वाचून दावलं नाय."

मी वाचलं. 'पूर्वी येथे ओसाड माळ होता. निंबोळे ग्रामस्थांनी गुण्यागोविंदाने...' वगैरे. रेल्वे तीन ओळींत. मग अकरा घराणी, त्यात माझे आप्पा, माझा भाऊ आणि कंसात सचिव प्रफुल्ल. लताबाईंचं नाव नाही. बाईचं एकही नाव नाही, अध्यक्ष योगिनी मॅडम सोडून.

"माझं हाय का?"

"नाही."

"आप्पांचं?"

"आहे. मोठ्या अक्षरात."

तिचा चेहरा पडला. मला वाटलं, स्वतःचं नाव नाही म्हणून. पण ती म्हणाली, "खळ्यावर नाव लिवलं त्यांचं? आरारा. आप्पांना नसतं आवडलं. इच्चू चावला तरी बोलला नाय तो माणूस."

मला त्या विंचवाच्या गोष्टीची पन्नास वर्षं चीड आहे. तिला मी तेच सांगणार होते: ते नेम, ती बरकत, ते गप्प बसणं, त्यानंच तुझं घर नकाशातून गेलं होतं बाई, आणि तू अजून त्यांची बाजू घेतेस. पण ती माझ्या पायांकडे बघत होती. मी खळ्यात चपला घालून उभी होते. गवताखाली का असेना, खळंच ते.

मी काढल्या. रागानंच काढल्या.